आधी खूर उचल

बाळा,

तुझा निरोप वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा राग आला.

माळेगावच्या यात्रेतून दीड वर्षाची घोडी आणलीस. उजवा पुढचा पाय बाहेर वळलेला. गावातले हसायलेत, वडील म्हणायलेत की येईल त्या भावात काढून टाक. आणि तू मोबाईलवर बाराशे डॉलरच्या घोड्याची गोष्ट बघून रात्रभर जागा. ठेवू का विकू, एवढंच विचारतोस.

घोडीला देवमण, म्हणजे शुभ मानतात तो भोवरा, आहे हे लिहिलंस. कपाळावरचा चांद लिहिलास, कान कसे आहेत तेही लिहिलंस. खुरांबद्दल एक ओळ नाही. माळेगावात हेच चालतं. भोवरे मोजतात, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं, आहे का बघतात, चार पावलं नाचवतात आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात. पाय उचलून तळवा कुणी बघत नाही. तू बघितलास का? नसशील, तर हे पत्र बाजूला ठेव, गोठ्यात जा, आधी खूर उचल. मग पुढं वाच.

आता तो बाराशे डॉलरचा घोडा. त्याचं नाव कॅनोनेरो. मोबाईलवाल्यांनी तुला अर्धीच गोष्ट सांगितली. तो काही उकिरड्यावर सापडलेला नव्हता. 1968 साली अमेरिकेतल्या केंटकीत, क्लेबोर्नसारख्या नावाजलेल्या स्टड फार्मवर, म्हणजे घोडे पैदा करतात त्या ठिकाणी जन्मला. त्याचा बाप 1966 च्या इंग्लंडच्या डर्बी शर्यतीत मानेच्या अंतरानं दुसरा आलेला. म्हणजे रक्त चोख होतं, पण पुढचा उजवा पाय तुझ्या घोडीसारखा वाकडा, म्हणून लिलावात बाराशेला गेला आणि व्हेनेझुएलाला पोचला. तुझ्या घोडीचा बाप कोण, तुला माहीत आहे का? शर्यतीच्या घोड्याची नोंद स्टड बुकात, म्हणजे घोड्यांच्या वंशावळीच्या वहीत लागते, आईबापांचीही लागते. तेव्हा मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचं स्वप्न आजच सोड. घोडी वाईट आहे म्हणून नव्हे, तो रस्ताच वेगळा आहे म्हणून.

1971 च्या केंटकी डर्बीसाठी त्याला परत अमेरिकेत नेला. रक्ततपासणीचे कागद नव्हते म्हणून मायामीत अडकवून ठेवला, मग हजारभर मैल गाडीतून. पोचला तेव्हा बरगड्या दिसत होत्या. त्याचा ट्रेनर हुआन आरियास, गरिबीतून वर आलेला माणूस, इंग्रजी येत नव्हतं. त्यानं घोड्याला सरावात इतका सावकाश पळवला की पत्रकार त्याच्या तोंडावर हसले. तरी त्यानं घोडा दामटला नाही. पैज लावणाऱ्यांच्या लेखी तर कॅनोनेरोला स्वतःचं तिकीटही नव्हतं, बिनभरवशाच्या घोड्यांच्या घोळक्यात त्याला टाकलेला. वीस घोडे पळाले. हा अठराव्या नंबरावर होता, तिथून बाहेरून सगळ्यांना मागं टाकत घोड्याच्या पावणेचार लांबींनी जिंकला. दोन आठवड्यांनी प्रीकनेस नावाची दुसरी मोठी शर्यत जिंकली, तीही मैदानाचा विक्रम मोडून, 1 मिनिट 54 सेकंदांत.

इथपर्यंतच तुला दाखवलं असणार. पुढचं मी सांगतो.

तिसरी शर्यत राहिली होती, बेलमाँट, दीड मैलांची. जिंकली असती तर एकाच वर्षी या तिन्ही जिंकल्याचा तिहेरी मुकुट, जो 1948 नंतर कुणाला मिळाला नव्हता. ऐंशी हजारांवर माणसं जमली. आणि घोड्याच्या खुराला संसर्ग झालेला, सरावाचे दिवस बुडालेले. सुरुवातीला पुढं राहिला, मग ओसरला, चौथा आला. वाकड्या पायानं त्याला दोन शर्यतींत अडवलं नाही. तिसऱ्या वेळी नडलं ते खूर.

खूर कसं सडतं ते ऐक. टाचेकडून पुढं जाणारी तिकोनी मऊ गादी असते ना, तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत लीद आणि ओल साचते. आधी काही दिसत नाही. मग काळा पातळ द्रव आणि एक घाण वास, एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. लंगडेपण फार उशिरा येतं. म्हणून रोज सकाळी चारही पाय उचलायचे, खूर खरवडायच्या आकडीनं टाचेकडून पुढं साफ करायचे, नाक जवळ न्यायचं, हात फिरवायचा. खूर गरम लागलं तर थांबायचं. पावसाळ्यात दोनदा. कंटाळा आला तरी.

मी पुण्याच्या शर्यतीच्या तबेल्यात सईस, म्हणजे घोडा सांभाळणारा, होतो तेव्हाची गोष्ट. शर्यतीच्या सकाळी माझ्या घोड्याचं खूर हाताला गरम लागलं. मी सांगितलं. उत्तर मिळालं, सईसानं सईसासारखं राहावं. घोडा पळवला. तो परत कधी पळाला नाही, आणि मी गाठोडं बांधून गावाकडं आलो. लोक अजून म्हणतात, पक्की नोकरी एका जनावरापायी सोडली. तुझी आजीही म्हणते. म्हणू दे. त्या घोड्याच्या खुरावर हात माझा होता, त्यांचा नव्हता. आज तिथं असतो तरी हेच केलं असतं, आणि यात मला कुणाशी वाद घालायचा नाही.

तुझ्या घोडीचा पाय या वयात सरळ होणार नाही. तासून सरळ करायचा काळ शिंगरू काही महिन्यांचं असतानाच बहुतेक संपतो. कुणी नालबंद खात्रीनं सरळ करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. खूर दोन्ही बाजूंनी सारखं राहील एवढंच बघायचं. असा पाय चालताना आत फेकला जातो, तेव्हा डाव्या पायाला आतल्या बाजूनं खरचटलेलं किंवा केस उडालेले दिसतात का ते बघ. तीन वर्षांची होईपर्यंत पाठीवर कुणी बसायचं नाही. वरातीच्या डांबरी रस्त्यावर डीजेपुढं नाचवायला तर मुळीच द्यायची नाही, सुपारी कितीही मोठी असो.

ठेवू का विकू, हे मला विचारू नकोस. महिनाभर रोज चारही खुरं उचल. ते जमलं तर ठेव. नाही जमलं तर वडील म्हणतात ते बरोबर आहे, पण विकताना घेणाऱ्याला पाय उचलून दाखव.

पुढच्या रविवारी लोह्याला माझ्या ओळखीचा नालबंद येणार आहे. घोडी घेऊन ये, उन्हाच्या आधी, सडकेच्या कडेच्या मातीवरून. त्याचे पैसे तू द्यायचेस.

आबा