भाऊ सैन्यात, यलो फीवरची लस सक्तीची आणि त्याला अंड्याची ॲलर्जी. नाही म्हणता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नवी मुंबईतल्या ऐरोलीचे, धाकट्या भावाचं नाव कांगोतल्या यूएन मिशनसाठी लागलंय, यलो फीवरची लस घ्यावीच लागणार. लहानपणी अंडं खाल्लं की त्याच्या अंगावर पित्त उठायचं. आई म्हणते, नाही म्हणून सांग.

नुसतं ‘नाही’ म्हणू नका. गणवेशात नकार दिला की तो आदेश मोडण्याचा प्रश्न होतो. २०२१ मध्ये कोविडची लस नाकारणाऱ्या हवाई दलाच्या एका कर्मचाऱ्याला सेवेतून काढल्याचं सरकारनंच गुजरात उच्च न्यायालयात सांगितलं होतं. तेच ॲलर्जीचं लेखी दिलं, की प्रश्न डॉक्टरच्या टेबलावर जातो आणि तिथे वाटा आहेत. शिवाय ही सक्ती फक्त लष्कराची नाही. कांगोत उतरताना पिवळं कार्ड (ही लस घेतल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) लागतं आणि परत येताना भारतही ते मागतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा एडिस डासच यलो फीवरही पसरवतो, आणि हा आजार भारतात अजून शिरलेला नाही, म्हणून एवढी कडक तपासणी.

आता अंड्याचं. ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस, कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात वाढवलेली. त्यामुळे ‘लहानपणी काय व्हायचं’ यापेक्षा ‘आज काय होतं’ हे विचारा. उकडलेलं अंडं, आम्लेट बिनधास्त खातो आणि काही होत नाही? मग बहुधा अडचण नाही. अंडं खाल्ल्यावर कधी ओठ सुजले, घसा आवळला, धाप लागली किंवा भोवळ आली असेल, तर नेहमीसारखी लस टोचायची नाही. अशा माणसाची आधी त्वचेवर चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली आणि लस टाळताच येत नसेल, तर इस्पितळात, ॲलर्जीतज्ज्ञासमोर, थोडी थोडी देतात: आधी दहापट पातळ केलेली ०.०५ मिली, मग पूर्ण ताकदीची ०.०५, ०.१०, ०.१५ आणि ०.२० मिली, दर १५-२० मिनिटांनी. युनिटच्या एमआय रूममध्ये (तिथल्या छोट्या दवाखान्यात) रांग लावून करायचं हे काम नव्हे.

गडबड होते ती त्या रांगेतच. ‘काही त्रास?’ असं विचारलं की मागच्याला थांबायला नको म्हणून ‘नाही सर’ म्हणून पोरं पुढे सरकतात. काही जण मुद्दाम लपवतात, कारण मिशनवरून नाव कटेल. भावाला सांगा, ॲलर्जी आधीच आरएमओकडे (युनिटच्या डॉक्टरकडे) लेखी द्यायची, जुन्या डॉक्टरची चिठ्ठी असेल तर जोडायची. थायमस या छातीतल्या ग्रंथीचा आजार, मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार), एचआयव्ही, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, हेही सांगायचं. सूट मिळाली तर कार्डावर तशी नोंद आणि डॉक्टरचं पत्र मिळतं, पण समोरचा देश ते मानेलच असं नाही.

लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली तर ती बहुधा याच वेळात होते. अमेरिकेतल्या नोंदींत तिचं प्रमाण लाखात एक-सव्वा इतकं आहे. तेव्हा उपाय एकच: मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनालिन, १:१००० चं ०.५ मिली, फरक नसेल तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. ‘आधी ॲव्हिल (ॲलर्जीचं नेहमीचं औषध) देऊन बघू’ यात वेळ जातो.

पुढच्या आठवड्यात कणकण, डोकेदुखी, अंग मोडून येणं हे बऱ्याच जणांना होतं. त्याची भीती नाही. पण ताप चढत गेला, डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, कुठून रक्त आलं (बहुधा पहिल्या आठवडा-दहा दिवसांत), किंवा महिन्याभरात मान ताठली, झटका आला, बोलणं अडखळलं, तर लगेच इस्पितळ. हे दोन्ही प्रकारचे गंभीर त्रास मिळून लाखात एकाच्या आसपास आणि जवळपास सगळे पहिल्याच डोसनंतर.

इथेच ऐरोलीचा संबंध येतो. लस घेऊन जवान सुट्टीवर येतो, पाचव्या दिवशी ताप, पावसाळा चालू. दवाखान्यात पहिला अंदाज डेंग्यूचा. दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्याने या लसीनंतर डेंग्यूची आयजीएम, आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांची) चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून दारातच सांगा, ‘अमुक तारखेला यलो फीवरची लस घेतलीय’, आणि एनएस१ (थेट डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी) करून घ्या. धाप लागली असेल तर कुलाब्याच्या अश्विनी या नौदलाच्या इस्पितळाकडे गाडी काढू नका, ट्रॅफिकमध्येच अडकाल. जवळचं इस्पितळ गाठा, मग युनिटला कळवा आणि डिस्चार्जचा कागद जपून ठेवा.

चार आठवडे रक्तदान नाही. २००९ मध्ये अमेरिकेत नुकतीच ही लस घेतलेल्या प्रशिक्षणार्थी सैनिकांनी रक्त दिलं आणि लसीचा विषाणू रुग्णांत गेला होता. आईची भीतीही अगदीच हवेतली नाही: १९४२ मध्ये याच लसीत मिसळलेल्या मानवी सीरममधून अमेरिकी सैन्यात हिपॅटायटिस बी पसरला, सुमारे ५०,००० जवान इस्पितळात गेले. त्यानंतर सीरम वापरणं बंद झालं.

आणि लस टोचण्याआधी कुपीच्या लेबलचा फोटो काढायला सांगा, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख दिसेल असा. कार्डावरचा नंबर घाईत चुकीचा लिहिला जातो. त्रास झालाच तर आरएमओ नोंद करेलच, पण फार्माकोव्हिजिलन्सच्या (औषध-लसींच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर रुग्ण स्वतःही कळवू शकतो, आणि तिथे हाच बॅच नंबर विचारतात. एक डोस जन्मभर पुरतो, तेव्हा जुनं पिवळं कार्ड कुठे पडलंय का, ते आधी कपाटात शोधा.