आजोबांची 1974 ची प्रीमियर पद्मिनी घेऊन नाशिकहून दापोलीला सहकुटुंब जाणं शहाणपणाचं आहे का?

जा. खुशाल जा. फक्त तुमचे भाऊ "मी इनोव्हा भाड्याने घेतो आणि मागून येतो, बंद पडली तर हाताशी असू" म्हणताहेत ना, त्यांना स्पष्ट नाही म्हणा. त्यांनी एकतर तुमच्या गाडीत बसावं, नाहीतर थेट दापोलीत भेटावं. मागून येणाऱ्याचं अर्धं लक्ष पुढची गाडी कधी बंद पडते याकडे असतं आणि चालवणाऱ्याचं अर्धं लक्ष आरशात. हे मी भोगलेलं आहे, म्हणूनच लिहायला बसले.

पत्नी, दोन मुलं आणि आई यांना घेऊन मे महिन्यात हे जमेल का, रस्ता कोणता आणि सोबत काय ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय. सांगते. आधी गाडीबद्दल.

माझ्याकडे 1981 ची पद्मिनी आहे. माझ्या वडिलांची. वडील ओझरला एचएएलमध्ये होते, विमानांच्या कामावर. घरची गाडीसुद्धा त्यांनी त्याच शिस्तीने ठेवली. एका जाड वहीत प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक फॅन बेल्ट, पॉइंट (ठिणगी पाडणारे छोटे संपर्क) कधी घासले, कधी बदलले, सगळं तारीख आणि किलोमीटरसकट. त्या काळात फियाटसाठी (पद्मिनीला सगळे फियाटच म्हणायचे) नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, त्यामुळे मिळालेली गाडी लोक जिवापाड जपायचे. मी ड्रायव्हिंग शिकले ते हिच्यावरच, स्टेअरिंगला गिअर असलेल्या गाडीवर. वडील गेल्यावर आईने किल्ली आणि वही माझ्या हातात दिली, आणि गाडी माझ्या सासरी, गंगापूर रोडला आली.

माझ्या धाकट्या दिरांनी पहिल्याच दिवशी चार माणसांत विचारलं, "वहिनी, माहेरहून भंगार कशाला आणलंत?" त्या वाक्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नव्हतं.

मुलं शाळेत होती तेव्हाची गोष्ट. मे महिन्यात सगळ्यांनी दापोलीजवळच्या हर्णैला जायचं ठरलं. आमची पद्मिनी आणि दिरांची नवी एसी गाडी. सासूबाई कोणत्या गाडीत बसणार यावरून निघायच्या आदल्या रात्रीच धुसफूस झाली. सासूबाईंनी माझी गाडी निवडली, कारण पुढची सीट अखंड बाकासारखी, तिच्यावर त्यांना एक पाय वर घेऊन बसता येतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याची किंमत कळते. दाराची ती छोटी त्रिकोणी काच अशी वळवायची की वारा थेट अंगावर येतो. सिन्नर ओलांडेपर्यंत त्यांनी ती काच स्वतःच फिरवून फिरवून हवी तशी बसवली होती. "एसी लागतोय कोणाला?" म्हणाल्या.

जाताना काही झालं नाही. पुण्यात मुक्काम, सकाळी लवकर ताम्हिणी घाट उतरलो, दुपारच्या आत दापोली.

परतीच्या दिवशी मी सहाला निघायचं म्हणत होते. दिरांना हर्णैच्या बंदरावर मासळी बघायची होती, मग नाश्ता, मग सामान. निघेपर्यंत साडेनऊ. ताम्हिणीचा चढ सुरू झाला तेव्हा सूर्य डोक्यावर, आणि पुढे खडीने भरलेला ट्रक. ओव्हरटेकला जागा नाही. गाडी चढतेय दुसऱ्या गिअरला, समोरून वारा नाही आणि इंजिनावर मात्र पूर्ण जोर. एका वळणाच्या पुढे तिने दोन आचके दिले. मी कडेला सपाट जागा बघून घेतली आणि इंजिन शांत झालं.

याला व्हेपर लॉक म्हणतात. पद्मिनीचा पेट्रोल पंप, ज्याला मिस्त्री एसी पंप म्हणतात (थंड हवेच्या एसीशी संबंध नाही), तो इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. इंजिन फार तापलं की पंपातलं आणि पाइपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंपाला वाफ ओढता येत नाही, पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर कोरडा पडतो. गाडीत बिघाड काहीही नसतो. पंप गार झाला की गाडी चालते. वडिलांच्या वहीत हे त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, सापुताऱ्याच्या घाटातल्या एका नोंदीत.

मी बॉनेट उघडलं, जुन्या सुती धोतराचं फडकं पाण्यात बुडवून पंपावर आणि पाइपावर गुंडाळलं. फडक्यातून चर्र असा आवाज आला, लगेच दुसरं फडकं. तोवर मागची एसी गाडी थांबून दीर उतरले होते. त्यांनी बॉनेटखाली बघितलंसुद्धा नाही, थेट फोनवर क्रेन शोधायला लागले. घाटात रेंज येत-जात होती, तरी ते मोठमोठ्याने बोलत होते. "आई, तुम्ही माझ्या गाडीत बसा," म्हणून सासूबाईंना सांगून झालं. सासूबाई हलल्या नाहीत. त्यांनी डबा उघडला, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, पोरांना हाका मारल्या. माझी मुलं आणि दिरांची मुलं कडेच्या जाळीत करवंदं शोधत होती. सगळ्यांचे ओठ जांभळे, हाताला चीक.

अर्ध्या तासात मी किल्ली फिरवली. थोडी घरघरली आणि लागली. दिरांचा मोठा मुलगा वडिलांना न विचारताच माझ्या मागच्या सीटवर येऊन बसला आणि पुण्यापर्यंत तिथून उठला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे लग्न असो, मुंज असो, बारसं असो, दीर नव्या पाहुण्याला सांगतात, "वहिनींची गाडी ताम्हिणीत बंद पडली, क्रेन बोलवायची वेळ आली होती." क्रेन आली नाही, लागली नाही, हे ते सांगत नाहीत. साडेनऊला कोणामुळे निघालो तेही नाही. आणि त्या गाडीत ते एकदाही बसलेले नाहीत. मुलांना घेऊन अशा गाडीतून जाणं हा बेजबाबदारपणा, हे त्यांचं मत. तुमच्या भावाचंही तेच मत दिसतं, म्हणून तुमच्या प्रश्नाने माझी जुनी जखम उघडली.

तर त्यांना हे सांगा. हीच गाडी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून दिवसभर, भर उन्हात, सिग्नलला थांबत थांबत चालत होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये नोंदवली गेली आणि 20 वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 च्या शेवटी रस्त्यावरून उतरली. तीही वयाच्या नियमामुळे. 1089 सीसीचं साधं इंजिन, 40 च्या आसपास हॉर्सपॉवर, हाताने खोलता येतं आणि कान असलेल्या माणसाला ऐकून कळतं. ज्याने ही गाडी नीट ठेवली आहे त्याला ती दगा देण्याआधी सांगते. न सांगता दगा देतात त्या वर्षभर कव्हरखाली उभ्या ठेवून फक्त पॉलिश केलेल्या गाड्या. तुमची यातली कोणती, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरं उत्तर त्यावर आहे.

उभी असेल तर आधी रबर बघा. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा बदलून घ्या, इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे. आता पेट्रोल भरायला जातो त्या पंपांवर 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं आणि 1974 चं रबर त्यासाठी केलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, झिरपतं. गरम इंजिनावर झिरपणारं पेट्रोल हा खरा धोका आहे, व्हेपर लॉक नव्हे.

दुसरं, ब्रेक. लोक चढाची काळजी करतात. चढावर गाडी फार तर थांबते. उतारावर मात्र चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक, त्यात पाच माणसं आणि सामान. सतत पाय ठेवून उतरलात तर लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) तापून ब्रेक लागेनासे होतात. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात ओल धरलेली असते, तेही उकळतं आणि पॅडल खाली जातं. चारही व्हील सिलिंडर खोलून बघा, ऑइल पूर्ण बदला, आणि ज्या गिअरला चढला असता त्याच गिअरला उतरा. वडिलांनी मला त्र्यंबकच्या रस्त्यावर हे इतक्या वेळा ऐकवलंय की आता ते पायातच भिनलंय.

सोबत ठेवायचं ते थोडक्यात: पॉइंट-कंडेन्सर, रोटर, फॅन बेल्ट, रेडिएटरचे दोन्ही होज (रबरी पाइप), एक जादा पेट्रोल पंप, पाण्याचे दोन मोठे कॅन, सुती फडकी. पार्ट नाशिकमध्ये मिळाले नाहीत तर मुंबईत ऑपेरा हाऊसला गाड्यांच्या पार्टची जुनी दुकानं आहेत, तिथे शोधा. एसी बसवणे, दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकणे असले सल्ले मिळतील. ऐकू नका. आजोबांची गाडी म्हणून नेताय ना, मग तीच न्या.

रस्ता पुण्यावरून. कसारा उतरून भिवंडी-पनवेल हा मार्ग अंतराने कमी वाटतो, पण तिथल्या कंटेनरच्या रांगांत जुनी गाडी नाहक तापते. समृद्धी महामार्गावर इगतपुरीहून चढायचा मोह होईल, कसाऱ्याचा घाट चुकतो म्हणून. तो मोह टाळा. 120 ने जाणाऱ्या गाड्यांमध्ये तुम्ही 60 ने चालणार, मागच्याला तुमच्या वेगाचा अंदाजच येत नाही. साडेपाचला निघा, सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, दुपारच्या आत पुणे, मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे ताम्हिणी, मग माणगाव, महाड, खेड, दापोली. येताना माणगावात मुक्काम करून घाट सकाळी सातच्या आत चढून घ्या. पाहुणे, नाश्ता, मासळी, कशासाठीही ही वेळ मोडू देऊ नका.

आणखी एक, कोणीतरी तुम्हाला गाडी 50 वर्षांची झाली म्हणून व्हिंटेज नोंदणी करा असं सुचवेल. 2021 च्या नियमांप्रमाणे ती मिळते, नव्या नोंदणीला 20,000 रुपये फी आणि 10 वर्षांची मुदत. पण तशी गाडी रस्त्यावर फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठी आणता येते. सहलीला नेता येत नाही. तुम्हाला फिरायचं असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा, दर 5 वर्षांनी आरटीओत फिटनेस करून.

आता जे आधीच लिहायला हवं होतं ते. या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) नाही. मागे बेल्ट नसतील तर कारागिराकडून पक्के अँकर वेल्ड करून बसवून घ्या, आणि मुलं मागेच, बेल्ट लावून. बेल्ट बसत नसतील तर लहान मुलांना घेऊन घाट करू नका, याबाबतीत तुमच्या भावाचं बरोबर आहे. रात्री चालवू नका, दिवे मंद असतात. पाऊस लागला तर थांबा. आईंना पाठीचा त्रास असेल तर मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगवर त्यांना बसवू नका, पुढे बसवा.

आणि थेट दापोलीला निघण्याआधी एखाद्या रविवारी वणीवरून सापुताऱ्याला जाऊन या. 80 किलोमीटरच्या आसपास अंतर, शेवटी घाट, संध्याकाळी घरी. पंप, ब्रेक, होज, सगळ्याची परीक्षा होते आणि काही झालंच तर घर जवळ आहे. त्या दिवशी भावाला बरोबर न्या. इनोव्हा नाही, मागून नाही. पुढच्या सीटवर बसवा, फडकी आणि पाण्याचा कॅन त्याच्या पायाशी ठेवा, आणि घाटात गाडी तापली तर पंपावर फडकं त्यालाच गुंडाळू द्या.