किंडल चार्जच होत नाहीये, बोर्ड गेलाय म्हणतात, नवीन घेऊ का?

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्या आईकडे पुस्तकं वाचायचं जुनं किंडल पेपरव्हाइट आहे, मायक्रो यूएसबीची पिन लागते ते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधीपासून तिचं वाचन बंद होतं त्यामुळे सव्वा वर्ष तरी ते कपाटात साड्यांखाली पडून होतं. आता डोळे चांगले झालेत, अक्षर मोठं करता येतं म्हणून तिला तेच हवंय. पण चार्जिंगला लावलं की स्क्रीनवर बॅटरीचं चित्र आणि उद्गारचिन्ह दिसतं, पुढे काहीच होत नाही. दहा-पंधरा मिनिटं लॅपटॉपला लावून बघितलं, मग तेवढाच वेळ मोबाईलच्या चार्जरला. जवळच्या रिपेरिंगवाल्याने नुसतं हातात धरून बघितलं आणि बोर्ड गेलाय म्हणाला. नवीन घ्यावं का? – एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, नवीन घेऊ नका, निदान दोन दिवस तरी थांबा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला बोर्डापेक्षा (म्हणजे आतल्या मुख्य सर्किटपेक्षा) बॅटरी पार तळाला गेल्याचीच शंका जास्त येते, आणि अशा बॅटरीला दहा-पंधरा मिनिटं काहीच नाहीत.

होतं काय, की आतली लिथियम बॅटरी फुल असते तेव्हा ४.२ व्होल्टच्या आसपास असते आणि ३ व्होल्टच्या जवळ आली की मशीन स्वतःच बंद होतं. पण बंद होऊन पडलं तरी थोडी थोडी झिरपत राहते आणि सव्वा वर्षात ती ३ च्याही बरीच खाली जाते. अशा बॅटरीत एकदम जोरात करंट सोडणं धोक्याचं असतं म्हणून आतलं सर्किट सुरुवातीला अगदी थेंब थेंब देतं, लंघन झालेल्या माणसाला आधी पेज देतात तसं. तेवढ्या वेळात बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की मशीन मेलंय.

त्यात किंडलची स्क्रीन आणखी फसवते. तिच्यावरचं, म्हणजे ई-इंक नावाच्या कागदासारख्या स्क्रीनवरचं, चित्र टिकायला वीज लागतच नाही, वीज फक्त चित्र बदलायला लागते, त्यामुळे ते उद्गारचिन्ह आज उमटलंय की सव्वा वर्षापूर्वीचंच आहे हे बघून कळणार नाही. स्क्रीनकडे बघूच नका, खाली पॉवरच्या बटणापाशी बारीक लाईट आहे तो बघा. नारिंगी म्हणजे चार्ज होतंय, हिरवा म्हणजे झालं. बॅटरी खूपच उतरलेली असेल तर तो नारिंगी लाईट लागायलाही वेळ लागतो.

पण कुठलीही वायर लावायच्या आधी एक करा, किंडल सपाट टेबलावर ठेवा आणि कोपऱ्यावर हलकं बोट ठेवून बघा. डुगडुगतंय का, मागचं कव्हर कडेला उचललं गेलंय का, स्क्रीन मधेच फुगीर वाटतेय का? यातलं एक जरी असलं तरी बॅटरी फुगलीये, मग चार्जिंग अजिबात नको, दाबून बसवायला जाऊ नका, आणि कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. इथे मी पुस्तकांचाही विचार करणार नाही कारण ॲमेझॉनवरून घेतलेली असतील तर ती कुठे जात नाहीत, आईच्या अकाउंटला असतात, फोनवरच्या किंडल ॲपमध्येही उघडतील.

फुगलेली नसेल तर टॉर्चने चार्जिंगच्या पोर्टात बघा. साड्यांच्या घडीतला धागा, धूळ काहीही असू शकतं. मधे पातळ जीभ असते ती सरळ आहे ना ते बघा, लाकडी टूथपिकने कडेकडेने हलक्या हाताने काढा, टाचणी किंवा सुई नको. मग केबल बदला. लॅपटॉप सोडा, साधं यूएसबी पोर्ट ५०० मिलीॲम्पियरच द्यायचं असतं आणि झाकण लावलं की बऱ्याच लॅपटॉपचं तेही बंद होतं. घरात कुठला तरी जुना ५ व्होल्ट १ ॲम्पियरचा अडॅप्टर असेलच, तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि त्याच केबलने आधी दुसरं काहीतरी चार्ज होतंय ना याची खात्री करा, कारण मायक्रो यूएसबीच्या केबलला खालून दोन बारीक हुक असतात ते झिजले की केबल बसल्यासारखी वाटते पण बसलेली नसते.

आता सकाळी लावा आणि तीन-चार तास हात लावू नका. रात्री नको, एवढी उतरलेली जुनी बॅटरी मी तरी कोणी झोपलेलं असताना लावणार नाही, फरशीवर किंवा ओट्यावर ठेवा, येता-जाता दिसेल असं, गरम होतंय का बघत राहा. मग केबल लावलेली असतानाच पॉवरचं बटण ४० सेकंद दाबून धरा, मोजून ४०, लोक दहाला सोडतात, आणि नाही झालं तर आणखी तासाभराने परत.

माझ्या आत्याचं असंच झालं होतं. मी मधे किती करंट जातोय ते दाखवणारा छोटा यूएसबी मीटर लावून बसलो, ०.०७ ॲम्पियर, ०.०७, ०.०७, पाऊण तास आकडा हलेना, आत्या दोनदा चहा घेऊन आली, आणि मग एकदम ०.५ च्या वर गेला आणि लाईट लागला. तिने तिथेच खुर्ची ओढली.

एवढं करूनही काही नाही झालं तर मात्र दुकानात जा, पण तुमच्यासमोर मीटर लावून बॅटरीचे व्होल्ट मोजायला सांगा. शून्य किंवा दीड-दोन व्होल्ट आले तर आधी बॅटरी बदलायची. केबल एका बाजूला दाबून धरली तरच लाईट लागतो असं असेल तर पोर्टचा टाका सुटलाय, तो नीट बसवता येतो. बॅटरी ३.७ च्या पुढे आहे आणि तरी काहीच होत नाही, तेव्हा कुठे बोर्डाचं नाव घ्यायचं. न मोजता बोर्ड गेला म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, अशी कितीतरी चांगली मशीनं भंगारात जातात आणि मला ते खरंच बघवत नाही.

प्रश्न : मुलाचा हातात धरून खेळायचा छोटा गेम आहे, सी टाईप पोर्टचा. सोबत आलेली केबल हरवली. माझ्या फोनच्या चार्जरला (दोन्ही टोकांना सी) लावला की काहीच होत नाही, फोन मात्र मस्त चार्ज होतो. गेम बिघडला का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुतेक नाही. सी टू सी मधे चार्जर आधी समोर कोण आहे हे विचारतो, आणि समोरच्या वस्तूत ५.१ किलोओहमचे दोन बारीक रेझिस्टर असले तरच ५ व्होल्ट सोडतो. स्वस्तातल्या वस्तू बनवणारे तेच वाचवतात. मोठ्यांच्याही चुका होतात, २०१९ मधे आलेल्या पहिल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डमधे दोन पिनांना मिळून एकच रेझिस्टर दिला होता आणि काही भारी केबल्सवर तो चालूच होत नव्हता. तुम्ही जुना चौकोनी यूएसबीवाला अडॅप्टर आणि ए टू सी केबल वापरा, तिथे विचारपूस नसते, ५ व्होल्ट थेट मिळतात. आणि ती केबल त्या गेमच्या डब्यातच ठेवा, वर लाल दोरा बांधून, म्हणजे परत कोणी फोनसाठी उचलणार नाही.