रेझिस्टरचा हिस्स आणि फुकटची वीज

प्रश्न : मी घरी माइकचा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) बनवलाय. इनपुटपासून ग्राउंडला 100 के (म्हणजे 100 किलोओहम) चा रेझिस्टर आहे. माइक काढला की हेडफोनमध्ये सारखं सस्स्स ऐकू येतं. एका व्हिडिओत सांगितलं की ही झिरो-पॉइंट एनर्जी आहे आणि डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावून ती साठवता येते. खरंय का?
– डिप्लोमाचा विद्यार्थी, सातपूर, नाशिक

उत्तर : आवाज खरा आहे, पण तो उष्णतेचा आहे. रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन तापमानामुळे सतत इकडेतिकडे धडपडत असतात आणि त्यामुळे दोन टोकांमध्ये बारीकसं व्होल्टेज हलत राहतं, बॅटरी लावा नाहीतर नका लावू. बेल लॅबमधल्या जॉन्सन यांनी 1928 मध्ये हे मोजून छापलं आणि त्याच वर्षी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित दिलं. त्या सूत्राने तुमच्या 100 के ला 20 किलोहर्ट्झपर्यंत साधारण 6 मायक्रोव्होल्ट येतात. मेटल फिल्म प्रकारचा रेझिस्टर लावून हे कमी होत नाही, रेझिस्टन्स तेवढाच असेल तर हा नॉइज तेवढाच. आता माइक जोडून बघा, 600 ओहमचा डायनॅमिक माइक असेल तर तो 100 के ला पॅरलल येतो आणि रेझिस्टन्स 600 च्या खाली जातो, म्हणजे हा नॉइज जवळपास 13 पट कमी, उरलेला हिस्स बहुतेक अँपचा स्वतःचा. तापमानाने मात्र फार फरक पडत नाही, कारण हिशेब केल्विनमध्ये होतो, म्हणजे उणे 273 डिग्रीपासून मोजून. नाशिकला मे महिन्यात 40 डिग्री आणि थंडीत पहाटे 10 धरले तरी व्होल्टेजमधला फरक फक्त 5 टक्के, कानाला कळणारसुद्धा नाही.

आता झिरो-पॉइंटचं. प्रश्न खोटा नाहीये, व्हिडिओवाल्याने त्याचं भलतंच केलंय. कॅलन आणि वेल्टन यांनी 1951 मध्ये अशा नॉइजचं जे सूत्र काढलं त्यात उष्णतेच्या भागासोबत आणखी एक भाग येतो, प्लँकचा स्थिरांक (क्वांटम भौतिकशास्त्रातला एक ठरलेला, अतिशय लहान आकडा) गुणिले फ्रिक्वेन्सी, त्याचा निम्मा, आणि तो तापमान शून्य केल्विन केलं तरी जात नाही, हाच झिरो-पॉइंटचा भाग. पण 20 किलोहर्ट्झला, खोलीच्या तापमानात, हा भाग उष्णतेच्या भागाच्या साधारण 1 अब्जांश ते 2 अब्जांश एवढाच, मग तो तुम्हाला ऐकू येणार कसा? तो दिसायला थंडी पाहिजे आणि शेकडो गिगाहर्ट्झ पाहिजेत. 1981-82 च्या सुमाराला बर्कलीत कॉख, व्हॅन हार्लिंगन आणि जॉन क्लार्क (2025 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमधले तेच) यांनी द्रव हेलियमच्या तापमानाला जोसेफसन जंक्शनमध्ये (दोन सुपरकंडक्टरमधला पातळ जोड) तो मोजला, आणि मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो. फक्त तिथे जंक्शनला बाहेरून करंट दिलेला असतो, मोजायला लागणारी ऊर्जा त्या सप्लायमधून येते. झिरो-पॉइंट म्हणजे ऊर्जेची सगळ्यात खालची पायरी, तिच्याखाली पायरीच नाही, तर तिथून काढून घेणार काय? या भागाचा नेमका अर्थ कसा लावायचा यावर अजून वाद होतात, ते होऊ देत, पण बॅटरी चार्ज होत नाही यावर वाद नाही.

डायोडचंही तेच, तो रेझिस्टरएवढाच गरम असतो आणि स्वतःचा नॉइज उलटा पाठवतो, घेणं-देणं सारखं, हे ब्रिल्वाँ यांनी 1950 मध्येच मांडलंय. आणि डायोड पूर्ण थंड ठेवला असं धरलं तरी ऑडिओच्या पट्ट्यात एका रेझिस्टरकडून जास्तीत जास्त जी पॉवर मिळेल ती बघता 1 मिलिवॉटसाठी असे 12 लाख कोटी रेझिस्टर लागतील.

पैसे वाचवा आणि चांगला लो-नॉइज ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप) घ्या.