डाउलंड ऐकायला कुठून सुरुवात करावी

सुरुवातीलाच रेकॉर्डिंगचे सगळे संच विकत घेऊ नका. इंग्लिश संगीतकार जॉन डाउलंडचं १६०० साली छापलेलं ‘फ्लो माय टिअर्स’ हे एकच गाणं घ्या आणि तीन गळ्यांतून ऐका: आल्फ्रेड डेलर (काउंटरटेनर, म्हणजे स्त्रीच्या पट्टीत गाणारा पुरुष), पीटर पिअर्स (टेनर, पुरुषाचा उंच आवाज), एमा कर्कबी (सोप्रानो, स्त्रीचा उंच आवाज). पहिल्या शब्दांवरची चार सुरांची उतरण ओळखा. आपल्या भाषेत सा, कोमल नि, कोमल ध, प. तीच या गाण्याची खूण. गाण्याचे तीन भाग प्रत्येकी दोनदा येतात. पहिल्या दोन भागांत दुसऱ्या वेळी शब्द बदलतात, तिसऱ्यात तेच राहतात. तिथे गायक काय वेगळं करतो ते पाहा. माझ्या मते खरी परीक्षा तिथेच.

साथीला ल्यूट हे गिटारसारखं जुनं तंतुवाद्य असतं. त्याचा आवाज मुळातच लहान. पंख्याखाली, फोनच्या स्पीकरवर खालच्या तारा ऐकूच येत नाहीत आणि गाणं पोकळ वाटतं. हेडफोन लावा, पण आवाज चढवू नका. पिअर्सच्या साथीला ज्युलियन ब्रीम आहे. तो मूळचा गिटारवादक, नखांनी छेडणारा, म्हणून नाद जरा टणक. कर्कबीसोबतच्या अँथनी रूलीचा मऊ. पॉप गायक स्टिंगची २००६ची आवृत्तीही ऐका, मात्र शेवटी.

डाउलंडचंच दुसरं गाणं, ‘इन डार्कनेस लेट मी ड्वेल’ (१६१०), महिनाभर तरी थांबू द्या.