पोरीला ढोरांची प्रॅक्टिस जमते का? माझा अनुभव (लांब आहे)

अगं, तू लिहिलं की इंटर्नशिप संपत आली, घर दारव्ह्याकडं, आणि बाबा म्हणतात ढोरांचं काम पोरीचं नाही, एकतर पुण्यात कुत्र्या-मांजरांच्या क्लिनिकला लाग नाहीतर क्लास लावून एमपीएससी कर. मी नागपूर व्हेटर्नरीतून 2009 ला पास झाले, पाच वर्षं आर्वी तालुक्यात प्रायव्हेट केलं, मग सरकारीत आले, म्हणून सांगते. गावात काम करायची इच्छा असेल तर कर, पण पहिलं वर्ष-दीड वर्ष एकटी करू नको. मोठ्या जनावरांत ज्याचा हात बसलेला आहे अशा जुन्या डॉक्टरच्या गाडीवर मागं बसून फिर, पगार कमी भेटला तरी चालते.

पोरगी म्हणून ताकद कमी पडेल ही भीती सगळ्यांनाच असते, मला पण होती. पहिल्याच वर्षी आषाढात रात्री कारंजा रोडच्या एका गावातून फोन आला, म्हैस सकाळपासून कळा देऊन राह्यली पण काहीच होऊन नाही राह्यलं. मी गेले तर म्हातारे काका माझ्या मागं पाहतात, "डॉक्टर नाही आले का सोबत?" म्हटलं काका, मीच डॉक्टर. हात घातला तर आत जातानाच वळकट्या लागल्या, कपडा पिळल्यासारख्या, गर्भाशयाला उजवीकडं पीळ. इथं ओढाताण करून काही होत नाही, उलट गर्भाशय फाटते. म्हैस उजव्या कुशीवर पाडली, पुढचे दोन पाय एका दोराला, मागचे दोन दुसऱ्या दोराला, कोठ्याच्या दाराची लांब फळी काढून तिच्या वरच्या कुशीवर तिरपी ठेवली, काकाच्या पोराला फळीवर उभं केलं आणि सहा जणांना सांगितलं की मी म्हटल्यावर झटक्यात लोळवा. पीळ ज्या बाजूला, त्याच बाजूला लोळवायची, लोकांना ते उलटं वाटते, पण फळीनं पोटातलं वासरू जागच्या जागी दाबून राहते आणि म्हशीचं अंग फिरून पिळाला गाठते. एकदा लोळवली, काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. तिसऱ्यांदा हात घातला तर वळकटी गायब, कोमट पाणी कोपरापर्यंत आलं आणि बोटाला खूर लागला. वगार, म्हणजे म्हशीचं मादी पिल्लू, जिवंत निघाली. माझी ताकद त्यात किती लागली? सहा माणसांनी माझं ऐकलं म्हणून झालं, आणि कोणत्या बाजूला पीळ आहे हे मला हातानं कळलं म्हणून झालं, आणि ते हातानं ओळखायला मला इंटर्नशिपमध्ये नाही, नंतर एका जुन्या डॉक्टर सरांच्या सोबत फिरून आलं.

आता जे चुकलं ते पण सांगते. दुसऱ्या वर्षी एक जर्सी क्रॉस गाय, विऊन दुसरा दिवस, बसलेली, मान कुशीवर टाकलेली, कान थंड. दुग्धज्वरच, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरते तो. कॅल्शियम शिरेतून लावलं, अजून दोन कॉल बाकी होते म्हणून घाईत बाटली जोरात सोडली आणि हृदयावर स्टेथोस्कोप ठेवलाच नाही. बाटली संपता संपता गाय थरथरली आणि गेली. त्या घरात ती एकच दुभती होती. मी मालकाला खरं सांगितलं की औषध जोरात गेलं, माझ्या हातून झालं. तेव्हापासून बाटली कोमट करून, थेंबाथेंबानं, कानात ठोके ऐकत आणि ठोका चुकला की लगेच थांबायचं. तू पण हे सोडू नको, बाहेर कितीही फोन वाजू दे.

पैशाचं सांगते, कारण कॉलेजात कोणी सांगत नाही. इकडं कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, आल्याशिवाय हातात पैसा नसतो, म्हणजे पावसाळाभर उधारीच. वही ठेव, तारीख, जनावर, औषध, किती बाकी, आणि औषधाचे पैसे रोख, फी नंतर दिली तरी चालते, असं पहिल्याच दिवशी सांगून टाक. रोजचं चालते ते कृत्रिम रेतनावर. गाय भरवली की तारीख लिहायची आणि 21 दिवसांनी न बोलावता जाऊन विचारायचं, परत माजावर आली का? मग अडीच-तीन महिन्यांनी गाभण तपासायची. माझी निम्मी घरं या न बोलावता केलेल्या चकरांनी जोडली गेली.

पशुवैद्यक परिषदेची नोंदणी आधी कर, तिच्याशिवाय सुईला हात लावू नको. खांद्यापर्यंतचे हातमोजे कितीही महाग वाटले तरी घालायचे, खास करून गाय गाभडली (गर्भ पडला) असेल किंवा वार अडकली असेल तेव्हा, ब्रुसेला हा जंतूचा रोग माणसाला पण होतो आणि तो महिनोन्‌महिने ताप-सांधेदुखी देतो. रेबीजची लस आत्ताच घे. ढोर लाळ गाळून राह्यलं, गिळून नाही राह्यलं, मालक म्हणतो घशात काही अडकलं, तर उघड्या हातानं तोंडात हात घालायचा नाही, ते पिसाळलेलं असू शकते. आणि दुखण्यावर मेडिकलवाला डायक्लोफेनॅक काढून देईल, ते जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, मेलेलं ढोर खाऊन गिधाडं मरतात त्यानं. मेलॉक्सिकॅम वापर.

एमपीएससीचा फॉर्म भरच. 2025 मध्ये पशुधन विकास अधिकारी गट-अ, म्हणजे सरकारी ढोरांच्या डॉक्टरची, 2795 पदं निघाली होती, एवढी मोठी जाहिरात काही दरवर्षी येत नाही. पण त्यासाठी पुण्यात खोली करून बसायची गरज मला वाटत नाही, सकाळी केस पाहून दुपारी पुस्तक उघडलं की आपसूक डोक्यात बसते. बँकेत कृषी अधिकारी, फूड सेफ्टी ऑफिसर, सैन्याची व्हेटर्नरी कोअर हे पण आपल्या डिग्रीवर आहे, आणि वन्यप्राण्यांची आवड असली तर नागपुरातच गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय आणि वन्यप्राणी बचाव केंद्र आहे. कुत्र्या-मांजरांचं काम वाईट नाही, मन असेल तर जरूर कर. फक्त बाबा म्हणतात म्हणून नको.

बाबांना मी समजावू शकत नाही, पण एक करता येईल. पावसाळ्याच्या आधी आम्ही घटसर्प आणि फऱ्या या ढोरांच्या रोगांच्या लसीकरणाला गावोगाव फिरतो, सकाळी सहाला आखरावर (गावची ढोरं जमतात तिथं), गायकी म्हणजे गुराखी ढोरं चरायला सोडायच्या आत. चार दिवस ये, मला मेसेज कर, राहायचं माझ्याकडं. गमबूट आण. आणि पहिल्या दिवशी बाबांनाच सोडायला सांग, दुपारपर्यंत थांबतील तर थांबू दे त्यांना.