फाटकाचे लाकडी खांब जमिनीलगतच का कुजतात?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी बांधवाने कळवले आहे की, रोही (नीलगायी) व रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी त्यांनी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) कुंपण करून पांदणीच्या बाजूने बारा फुटी फाटक बसवले. बाभळीच्या खांबांना डांबर लावून तळाशी काँक्रीट ओतले होते, तरीही चौथ्या पावसाळ्यात ते जमिनीलगत मोडले. वरचे लाकूड मात्र अजून ठणठणीत आहे. नवे खांब कसे बसवावेत?

उत्तर : लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. खोलवर ओल असली तरी हवा कमी असते, आणि जमिनीच्या वर लाकूड लवकर सुकते. पृष्ठभागापासून वीतभर खालपर्यंत मात्र दोन्ही एकत्र मिळतात, म्हणून खांब तिथेच मोडतो. आपल्या काळ्या जमिनीत याला आणखी एक कारण जोडले जाते. उन्हाळ्यात भेगा पडून खांबाभोवतीची माती सुटते आणि मृगाचे पाणी त्या फटीतून थेट लाकडाशी जाऊन बसते. तळाशी काँक्रीटची बंद वाटी असेल, तर आकसलेल्या लाकडाच्या कडेने उतरलेले ते पाणी बाहेर पडू शकत नाही. खांब पुरता वाळण्याआधी डांबर लावले असेल, तर आतली ओलही कोंडली जाते.

लाकूड निवडताना जातीइतकेच वयाकडेही पाहावे. टिकाऊपणा आतल्या गडद गाभ्यात असतो, बाहेरच्या फिकट लाकडात नसतो. त्यामुळे सागाची म्हणून घेतलेली कोवळी बल्ली बहुतेक फिकट लाकडाचीच असल्याने लवकर कुजते. जुन्या साग, अंजन, बीजा किंवा खैराचा गाभा उत्तम, जून बाभळीचा गाभा मध्यम, तर सुबाभूळ व निलगिरी मातीत घालण्यास अयोग्य समजावी. बाभूळ काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत भुसा पाडणाऱ्या किडीविरुद्ध उपयोगी आहे, जमिनीतल्या कुजीविरुद्ध नाही. कूज रोखण्यासाठी लाकडाला लावायच्या औषधाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की ते फिकट लाकडात मुरते, गाभ्यात फारसे शिरत नाही. म्हणून पैसा औषधापेक्षा चांगल्या गाभ्यावर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. औषध म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरायचेच असेल, तर द्रावण प्लास्टिकच्या ड्रममध्ये करावे, कारण ते लोखंड खाते. उरलेले द्रावण नाल्यात ओतू नये आणि गुरांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये.

खड्डा साडेतीन ते चार फूट घ्यावा आणि खाली मुरूम लागत असेल तर तिथपर्यंत न्यावा. तळाशी अर्धा फूट गिट्टी घालून त्यावर खांब उभा करावा व निघालेली काळी माती परत न भरता मुरूम भरावा, कारण काळी माती फुगते, आकसते आणि खांब हलवते. मुरूम वीत-वीत थरांनी टाकून प्रत्येक थर सब्बलीने ठोकावा. एकदम भरून वरून ठोकल्यास खालचा भाग पोकळच राहतो. वर खांबाभोवती चार बोटे उंच, बाहेर उतरता चौथरा करावा. काँक्रीट हवेच असेल तर ते खांबाच्या कडेनेच ओतावे, तळ गिट्टीवर मोकळा ठेवावा. खांबाचे डोके तिरपे कापावे किंवा त्यावर टिनाचा तुकडा ठोकावा, कारण उभ्या रेषांच्या टोकातून पाणी सर्वांत वेगाने आत शिरते.

बिजागरीचा खांब फाटकाच्या वजनाने फाटकाकडे कलतो. त्याला आवर घालण्यासाठी फाटकाच्या बाजूला मातीच्या वरच्या थरात आणि उलट बाजूला तळाशी एकेक मोठा दगड खांबाला घट्ट भिडवून गाडावा.

स्वतःच्या धुऱ्यावरचा साग असला तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 नुसार तो परवानगीशिवाय तोडता येत नाही. आधी वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात अर्ज करावा. खड्ड्यांचे काम उन्हाळ्यातच उरकावे, आणि पहिल्या पावसात मुरूम हमखास दबत असल्याने पोळ्यापूर्वी एकदा चौथरा तपासून, खळगा पडला असेल तर मुरूम भरून उतार पुन्हा करून घ्यावा.